मुक्काम पोस्ट शाहूपुरी

"बाईंचं पूर्ण नाव सांगा."

ऑगस्ट २०१९. महापुराचं पाणी उतरून तीन-चार दिवस झाले होते. शाहूपुरीतल्या आमच्या बोळात गुडघाभर गाळ होता. पंचनाम्याला आलेले दोघेजण हातात कागद घेऊन आमच्या मागच्या खोलीच्या दारात उभे होते. खोलीत भिजलेली गादी, फुगलेलं लाकडी कपाट आणि उलटा पडलेला पिठाचा डबा. भाडेकरीण पाणी भरायला गेली होती. मी म्हटलं, "थांबा, सांगते." आणि माझी जीभ अडखळली. चौदा महिने ती माझ्या खोलीत राहत होती. माझ्या लेकीच्या वाढदिवसाला तिनं शेंगाची पोळी करून दिली होती. पण तिचं पूर्ण नाव मला ठाऊक नव्हतं! आम्ही सगळे तिला 'विजापूरवाली' म्हणायचो.

मैत्रिणींनो, ही गोष्ट सांगायला मला सोपी नाही, कारण तिच्यात चूक माझीच आहे. पण सांगायलाच हवी. आज आपल्या प्रत्येकीच्या गावात अशी एक तरी विजापूरवाली, बिहारवाली, नाहीतर बीडवाली येऊन राहिली आहे.

ती आली तेव्हा

२०१८ च्या उन्हाळ्यात ती आली. विजापूर जिल्ह्यातल्या इंडीकडची. कडेवर दोन वर्षांचं पोर, डोक्यावर बोचकं. नवरा सेंट्रिंगच्या कामावर. गावाकडं कोरडवाहू दोन एकर, पाऊस नाही, विहिरीला पाणी नाही. "अक्का, रूम है क्या?" एवढंच तिनं विचारलं.

आमचं घर जुनं. पुढं यांचं दुकान, वर आम्ही आणि मागं बोळात उघडणारी एक खोली. बोळ जयंती नाल्याकडं उतरती. म्हणूनच त्या खोलीला भाडं कमी आणि म्हणूनच ती परगावच्यांनाच जाते. इथली माणसं पाण्याची खोली घेत नाहीत. हे सगळ्या गावाला माहीत असतं. नव्यानं आलेल्याला तेवढं माहीत नसतं.

मी जरा मागं-पुढं करत होते. सासूबाई वरून म्हणाल्या, "अगं, लेकरू हाय तिच्या कडंला. दे की खोली." सासूबाईंचं माहेर गडहिंग्लजकडचं, त्यांना कानडी येतं. दोघींची पहिल्या दिवसापासून गट्टी. ती सकाळी स्टेशनजवळच्या एका खानावळीत चपात्या लाटायची, दुपारी दोन घरची धुणीभांडी. रविवारी सासूबाईंना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणून द्यायची. पहाटे नळाला पाणी आलं की आधी तिला कळायचं. बोळातनं हाक यायची, "अक्का, नीर बंत्री!" म्हणजे अक्का, पाणी आलं हो. तिच्या या हाकेवर आमचं घर उठायचं.

त्या ऑगस्टात एका रात्री दोनच्या सुमाराला तीच हाक आली. "अक्का, नीर बंत्री! नीर बंत्री!" मी अर्धवट झोपेत म्हटलं, एवढ्या रात्री कसलं नळाचं पाणी? खिडकी उघडली तर बोळात पाणी चमकत होतं. पंचगंगा वाढली की जयंती नाल्याचं पाणी पुढं जात नाही, उलटं फिरतं आणि वस्तीत शिरतं. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. तिनं हाक मारली म्हणून आमच्या दुकानातला निम्मा माल वर आला. यांच्याबरोबर तिचा नवराच पोती वाहत होता. त्यांची स्वतःची खोली तेवढ्या वेळात भरली.

आपण सगळेच आलेले

आमच्याकडं अलीकडं एक वाक्य फार ऐकू येतं. "बाहेरची माणसं लई झाली बघ गावात." भाजी घेताना, रिक्षात, हळदीकुंकवाला. मीही म्हणायचे. पण आपण ज्या शाहूपुरीत उभं राहून हे म्हणतो, ती शाहूपुरी झाली कशी?

जुनं कोल्हापूर अंबाबाईच्या देवळाभोवतीचं. शुक्रवार, शनिवार, मंगळवार, रविवार या पेठा म्हणजे गाव. १८९१ साली कोल्हापूर ते मिरज रेल्वे सुरू झाली आणि स्टेशन पडलं गावाबाहेर पूर्वेला. १८९४ मध्ये शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, स्टेशन आणि गाव यांच्यामधल्या मोकळ्या जागेत नवी व्यापारपेठ वसवली. तीच शाहूपुरी. आपल्या मुलखातला गूळ इथं यावा, इथंच त्याचे सौदे व्हावेत आणि रेल्वेनं तो बाहेर जावा, हा त्यामागचा विचार. त्यासाठी व्यापाऱ्यांना सवलती देऊन बोलावलं. व्यापारी आले, अडते आले, गुळाचे रवे उचलायला हमाल आले, गाडीवान आले. त्यांना जेवू घालायला खानावळी निघाल्या. पुढं गुळाचा बाजार मार्केट यार्डात गेला, पण पेठ राहिली. म्हणजे ज्या वस्तीच्या नावाचा आपण अभिमान मिरवतो, ती बाहेरून आलेल्यांसाठीच वसवलेली!

महाराजांनी आणखी एक गोष्ट ओळखली होती. खेड्यातलं पोर शहरात आलं की त्याला आधी लागतो आसरा आणि दोन वेळचं जेवण. शाळा त्यानंतर. म्हणून १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग निघालं. पुढं एकेका समाजाची बोर्डिंगं निघत गेली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. त्या बोर्डिंगांनी खेड्यातल्या मुलांना कोल्हापुरात एक पत्ता दिला. पत्ता असला की मास्तरही विचारतात, गावही ओळखतं.

नंतर उद्यमनगरात इंजिनं आणि सुटे भाग बनू लागले, शिरोली आणि गोकुळ शिरगावला कारखाने आले. करवीर, पन्हाळा, राधानगरीची पोरं कामाला आली, मागाहून बायका आल्या. मग विजापूर, बेळगावकडचे गवंडी. मग उत्तर प्रदेश, बिहारचे फौंड्रीतले कामगार, गुजरीत बंगालचे सोन्याचे कारागीर. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती. शहराची हद्द वाढवायची की नाही यावर कित्येक वर्षं वाद रंगला, पण माणसं काही हद्दीची वाट बघत थांबली नाहीत. उचगाव, पाचगाव, कळंबा, उजळाईवाडी... कुठं गाव संपतं आणि कुठं शहर सुरू होतं, आता सांगता येत नाही.

पहिली परगावची कोण?

स्थलांतर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पिशवी घेऊन निघालेला पुरुष येतो. पण आकडे वेगळंच सांगतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात सुमारे ४५ कोटी माणसं आपलं आधीचं गाव सोडून दुसरीकडं राहत होती. त्यांतल्या तीन जणांमागं दोन बायका! केंद्र सरकारच्या २०२०-२१ च्या पाहणीत अशा शंभर बायकांपैकी जवळजवळ ८७ जणींनी गाव सोडण्याचं कारण सांगितलं, लग्न.

म्हणजे तुम्ही आणि मी. माझं माहेर कागल तालुक्यातलं. एक ट्रंक, पाच भांडी आणि आईनं बांधून दिलेली शिदोरी घेऊन मी या गल्लीत आले तेव्हा इथलं एक माणूस ओळखीचं नव्हतं. पहिले सहा महिने मला नळावर कुणी 'नवी' याखेरीज दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. फरक एवढाच, की माझ्या मागं सासरचं नाव होतं. वर्षाच्या आत रेशनकार्डावर नाव चढलं, मतदारयादीत चढलं. कागदावर मी शाहूपुरीची झाले. विजापूरवालीच्या मागं इथलं कुठलं नाव होतं? ती आमच्यासारखीच आली, पण तिला इथं 'आणणारं' घर नव्हतं. तिला फक्त काम होतं.

चीनमधली धाकटी बहीण

इतक्या वेगानं शहरं वाढण्याचं जगातलं मोठं उदाहरण चीनचं. हाँगकाँगला लागून शेन्झेन नावाचं शहर आहे. १९८० मध्ये सरकारनं तिथं कारखान्यांसाठी खास विभाग जाहीर केला. भातशेती आणि मासेमारीचा तो भाग. चाळीस वर्षांत, २०२० च्या जनगणनेत, शेन्झेनची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास गेली. ही माणसं खेड्यांतून आली आणि त्यांत विशीतल्या मुली फार मोठ्या संख्येनं होत्या. खेळणी, कपडे, रेडिओ, पुढं मोबाईल, सगळं त्यांच्या हातून गेलं. कारखान्याच्याच खोल्यांत एकेका खोलीत आठ-दहाजणी राहायच्या. अशा मुलीला तिकडं 'दागोंगमेई' म्हणतात. म्हणजे दुसऱ्याकडं राबणारी धाकटी बहीण.

पण या धाकट्या बहिणीला शहरानं बहीण मानलं का? तिकडं १९५८ पासून घरोघरी नोंदणीची एक पद्धत आहे, तिला 'हुकोऊ' म्हणतात. तुमची नोंद ज्या गावची, तिथंच तुमच्या सरकारी सोयी. शहरात वीस वर्षं राबलात तरी नोंद खेड्याचीच. मुलाला शहरातल्या सरकारी शाळेत घालणं अवघड, दवाखान्याची सवलत अवघड. शिवाय १९९८ पर्यंत मुलाची नोंद आईच्या नोंदीवरून व्हायची. आई खेड्याची, तर शहरात जन्मलेलं पोरही खेड्याचं! म्हणून कोट्यवधी मुलं आजी-आजोबांपाशी गावाकडं राहिली आणि आईबाप नववर्षाच्या सणाला वर्षातून एकदा रेल्वेत चेंगरून घरी जात राहिले. अलीकडं छोट्या शहरांत ही अट बरीच सैल केली आहे, पण बीजिंग, शांघायसारख्या मोठ्या शहरांत ती अजून कडक आहे.

हे वाचलं तेव्हा मला आधी बरं वाटलं. आपल्याकडं असं नाही. आपल्या घटनेनं कुणालाही देशात कुठंही जाऊन राहायचा हक्क दिला आहे. विजापूरवालीला कोल्हापुरात यायला कुणाची परवानगी लागली नाही.

मग मला पंचनाम्याचा तो दिवस आठवला.

कागद कुणाकडं?

तिचं नाव तिनंच येऊन सांगितलं. पुढचा प्रश्न होता, "इथं राहता याचा काही कागद? भाडेकरार? पावती?" ती माझ्याकडं बघायला लागली. मी यांच्याकडं बघितलं. हे खाली बघत होते.

कागद नव्हताच. खोली देताना मी म्हटलं होतं, लिहून घेऊ या. हे म्हणाले, "कागद केला की भाडेकरू दिसतोय, आणि भाडेकरू दिसला की घरफाळा वाढतोय. राहू दे तोंडी." मलाही ते पटलं. आमच्या गल्लीत सगळ्यांचं असंच चालतं. लाईट बिल आमच्या नावावर, मीटर एकच. तिचं रेशनकार्ड गावाकडं, आधारकार्डावर पत्ता गावचा. ज्या खोलीत तिनं चौदा महिने संसार केला, त्या खोलीत ती राहते असं सांगणारा कागदाचा एक कपटा नव्हता. आमच्या दुकानाचा पंचनामा अर्ध्या तासात झाला. तिच्या खोलीपुढं ते दोघे थोडा वेळ उभे राहिले आणि पुढच्या घराकडं गेले.

मी त्यांना दोष देत नाही. त्यांना कागद लागतो. तो द्यायचा होता आम्ही. चीनमध्ये ती वही सरकारच्या हातात आहे. आपल्याकडं ती घरमालकाच्या हातात आहे आणि घरमालक म्हणजे तुम्ही-आम्ही.

आणखी एक सांगते, ते जास्त बोचणारं आहे. माझी मुलगी २०१७ पासून पुण्यात नोकरीला आहे. हिंजवडीजवळ खोली बघताना तिला दोन ठिकाणी "एकट्या मुलींना देत नाही" म्हणून परत पाठवलं. तिसरीकडं जमलं तेव्हा मीच फोनवर तिला बजावलं होतं, "कागद केल्याशिवाय डिपॉझिट देऊ नकोस हं!" पंचनामा करणारे गेल्यावर मला माझंच ते वाक्य आठवलं. स्वतःच्या लेकीसाठी जे मला सहज कळत होतं, ते दुसऱ्याच्या लेकीसाठी सुचलं कसं नाही?

आम्ही तिचं डिपॉझिट परत केलं, दोन महिन्यांचं भाडं घेतलं नाही, सासूबाईंनी आपलं जुनं कपाट दिलं. ती काही बोलली नाही. दिवाळीनंतर नवऱ्याला पुण्याकडं काम मिळालं आणि ती गेली. पुढं २०२० च्या मे महिन्यात आपल्याच स्टेशनातून श्रमिक रेल्वेगाड्या भरभरून परप्रांतात गेल्या. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं घेतलेल्या त्या बायका टीव्हीवर बघताना सासूबाई म्हणाल्या, "आमची ती कुठं असंल गं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

एवढं तरी करू या

नंतर गाझीपूरकडचं एक जोडपं खोली घ्यायला आलं. या वेळी मी यांना म्हटलं, "कागद होणार असला तरच किल्ली देणार." घरफाळा थोडा वाढला. वाढू दे. पावसाळ्यात खोलीत पाणी येतं हेही आधीच सांगितलं आणि सामान ठेवायला जिना मोकळा करून दिला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला, पुन्हा गाळ, पुन्हा पंचनामा. त्या वेळी त्या बाईनं प्लास्टिकच्या पिशवीतून करार काढून पुढं केला. तिचं नाव लिहिलं गेलं. पूर्ण नाव.

मैत्रिणींनो, तुमच्याकडं खोली असेल किंवा तुमच्या कामवालीला, शेजारणीला गरज असेल, तर या चार गोष्टी लक्षात असू द्या.

भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असलाच पाहिजे, असं महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा सांगतो. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नव्हे. ती टाळली तर दंड किंवा कैदेचीही तरतूद आहे. भाडं घेतलं की पावती देणंही मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवा, त्यात दोघांचंही हित आहे.

रेशनसाठी गाव गाठायची गरज नाही. 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेत अन्नसुरक्षेचं कार्ड असलेल्याला देशात कुठल्याही रेशन दुकानात अंगठा देऊन धान्य घेता येतं. थोडं इथं आणि उरलेलं गावाकडच्या माणसांनी तिथं, असंही चालतं.

मुलांची शाळा अडवता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला जन्माचा दाखला नाही किंवा जुन्या शाळेचा दाखला आला नाही, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

बांधकामावर काम करणाऱ्या बाईनं वर्षात ९० दिवस काम केलं असेल आणि वय १८ ते ६० मध्ये असेल, तर तिला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवता येतं. अनेकदा फक्त नवऱ्याचंच नाव घातलं जातं. तिचंही घालायला सांगा.

हे सगळं त्या बायकांना कोण सांगणार? त्या सकाळी सहाला कामावर जातात, रात्री आठला येतात. त्यांची भाषा वेगळी. त्यांना नळावर, जिन्यात, दुकानात भेटणारी बाई म्हणजे आपणच. आपण नव्या होतो तेव्हा आपल्यालाही कुणीतरी सांगितलंच होतं, पाणी किती वाजता येतं, दळण कुठं चांगलं मिळतं, कुठल्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे.

आता पहाटे पाणी आलं की मला घड्याळाच्या गजरानं उठावं लागतं. सासूबाई मात्र अजून पडल्या पडल्या म्हणतात, "नीर बंत्री गं." मला ती आठवते. आणि एवढंच सांगावंसं वाटतं, खोली भाड्यानं देताना भाडं ठरवायच्या आधी तिचं नाव विचारा. पूर्ण नाव विचारा, आणि कागदावर लिहा.